एचडी ग्राफिक्सचा वाद आणि 'नेटिव्ह' नावाची भानगड

ग्राफिक्स महत्त्वाचे की गेमप्ले ही मारामारी तुम्ही शंभरदा वाचली असेल, त्यामुळे ती परत मांडत नाही. इथे फक्त एवढंच सांगायचंय की "मजा येते का" सोडून आपण "किती पी आहे" (पी म्हणजे चित्राच्या आडव्या ओळी, जसं ७२०पी) यावर कधीपासून भांडायला लागलो.

फार मागे जाऊन उपयोग नाही. १९८९ चा गेम बॉय (हातात धरून खेळायचं मशीन) १६०×१४४ पिक्सेल आणि हिरवट रंगाच्या चार छटा घेऊन आला आणि रंगीत स्क्रीनवाल्या हँडहेल्डना पुरून उरला, कारण त्याची बॅटरी कितीतरी जास्त टिकायची आणि टेट्रिस होता. हे उदाहरण सगळेच देतात, मीही दिलं, झालं. पण त्या काळी रिझोल्यूशन (चित्रात किती पिक्सेल) हा शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी नव्हताच, तेव्हा बिट्सची भांडणं होती, ८ बिट, १६ बिट, ६४ बिट. शिवाय जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र जरा पसरून उमटायचं, त्यामुळे कमी पिक्सेलचं कामही गुळगुळीत दिसायचं, आणि चित्रं काढणारे बरेच जण तो पसरटपणा गृहीत धरूनच काढायचे. तेच गेम आज सपाट पॅनलवर लावले की विटांची भिंत दिसते आणि लोक म्हणतात तेव्हाचे ग्राफिक्स काय भंगार होते! भंगार नव्हते हो, टीव्ही बदललाय.

आणि माझ्या मते खरी सुरुवात तिथेच आहे, टीव्हीत. एचडीची (हाय डेफिनिशन, म्हणजे ७२० ओळी किंवा जास्त) मागणी गेमवाल्यांकडून आलीच नाही. एलसीडी आणि प्लाझ्मा आले, त्यांना ठरावीक संख्येचे पिक्सेल असतात, आणि त्यापेक्षा लहान चित्र आलं की ते ताणून भरावं लागतं. म्हणजे नवा महाग टीव्ही आणला आणि जुना कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेम मशीन) लावला तर चित्र आधीपेक्षा वाईट! मग एचडी हवंच की. त्यात २००५ च्या जानेवारीत युरोपात 'एचडी रेडी' असं लेबल आलं, अट अशी की पॅनलला निदान ७२० ओळी हव्यात आणि ७२०पी व १०८०आय (१०८० ओळी, पण एकाआड एक पाठवलेल्या) सिग्नल घेता यायला हवा. गंमत म्हणजे असे कितीतरी टीव्ही प्रत्यक्षात १३६६×७६८ चे होते. ७२०पी दिलं तर ताणायचं, १०८० दिलं तर दाबायचं, जसंच्या तसं काहीच नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तो एचडी युगाचा कन्सोल म्हणूनच, निदान ७२०पी तरी मिळणारच असं ठासून सांगत. (सुरुवातीच्या मशीनला एचडीएमआय (एचडी चित्र टीव्हीला नेणाऱ्या केबलचं) पोर्टच नव्हतं, हे आज सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.) घरोघरी अजून डब्बा टीव्ही होते, पण गेम बनवणाऱ्या स्टुडिओत एचडी मॉनिटर आले होते, त्यामुळे २००६ च्या डेड रायझिंग या गेममधली अक्षरं साध्या टीव्हीवर इतकी बारीक दिसायची की मिशन काय आहे तेच वाचता यायचं नाही. एचडीमुळे मजा वाढली का यावर वाद घालता येईल, पण एचडी नसेल तर मजा कशी जाते याचा याहून स्वच्छ पुरावा माझ्याकडे नाही, आणि त्यात ग्राफिक्सचा संबंध शून्य, सगळा मामला फॉन्टचा.

दरम्यान २००६ मध्येच निन्टेंडोचा वी कन्सोल आला, ४८०पी च्या वर जायचंच नाही असं ठरवून, आणि १० कोटींवर खपला. एक्सबॉक्स ३६० आणि सोनीचा पीएस३ दोन्ही ९ कोटींच्या आत राहिले. मग त्याच घराण्याचा वी यू २०१२ मध्ये एचडी घेऊन आला आणि दीड कोटीसुद्धा गाठले नाहीत. गेमप्लेवाले ही जोडी हुकमाचा पत्ता म्हणून टाकतात. मला स्वतःला त्यातून एवढंच दिसतं की वी चा रिमोट आजीलाही कळत होता आणि वी यू म्हणजे नेमकं काय हे दुकानदारालाही कळत नव्हतं.

आता मुख्य भानगड. २००७ मध्ये एक्सबॉक्सचा शूटर गेम हेलो ३ आला आणि काही लोकांनी स्क्रीनशॉट घेऊन पिक्सेल मोजले. मोजायची पद्धत सोपी आणि भन्नाट आहे: तिरक्या कडेला पायऱ्या पडतात ना, त्या मोजायच्या. समजा बाहेर ७२० ओळींचं चित्र आहे आणि १८ पिक्सेलच्या उंचीत तुम्हाला पायऱ्या १६ च सापडल्या, तर मूळ चित्र ७२० चे सोळा अठरांश म्हणजे ६४० ओळींचं. हेलो ३ निघाला ११५२×६४०. बनवणाऱ्यांनी ते मान्यही केलं आणि कारणही सांगितलं: उजेड-अंधाराची रेंज चांगली यावी म्हणून एकाऐवजी दोन बफर (चित्र तयार करून ठेवायच्या मेमरीतल्या जागा) वापरले होते, आणि चिपजवळची खास मेमरी होती फक्त १० एमबी. त्याच वर्षीचा कॉल ऑफ ड्यूटी ४ तर १०२४×६०० होता, कारण त्यांना सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्या होत्या. म्हणजे एचडी पिढीतले दोन प्रचंड खेळले गेलेले शूटर गेम कागदावर एचडी नव्हतेच, आणि त्यावर रात्र रात्र जागणाऱ्यांनी (मी त्यातलाच) उजेड आणि स्पीड घेतला, ओळी सोडल्या, नकळत का होईना.

पण त्या मोजणीतून 'नेटिव्ह' (ताणून नव्हे, मूळचंच तेवढ्या पिक्सेलचं) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला तो बसलाच. २०१३ च्या पिढीत एकच गेम एका कन्सोलवर १०८०पी आणि दुसऱ्यावर ७२०पी निघाला की आठवडाभर युद्ध. आणि याच वातावरणात किलझोन शॅडो फॉलचं प्रकरण झालं, जे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मजेशीर वाटतं. पीएस४ सोबतच आलेला गेम, जाहिरात १०८०पी ची. सिंगल प्लेयर खरोखर पूर्ण १९२०×१०८०. मल्टिप्लेयरमध्ये मात्र ६० फ्रेमच्या मागे लागून त्यांनी प्रत्येक फ्रेमला ९६०×१०८० एवढंच, म्हणजे निम्मंच चित्र नव्याने काढलं, आणि उरलेले निम्मे पिक्सेल आधीच्या फ्रेममधून, वस्तू कुठे सरकली असेल याचा अंदाज बांधून भरले. काही महिने खेळूनही बहुतेकांना एवढंच वाटत होतं की हलताना जरा धूसर दिसतंय. मार्च २०१४ मध्ये हे बाहेर आलं आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात फेडरल कोर्टात दावा, की आम्हाला फसवलं.

बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की चित्र ताणलेलं नाही, बाहेर येतात ते १०८०पी चे पूर्ण पिक्सेल, मग नेटिव्ह का नाही? आणि तांत्रिक भाषेत ते अगदीच चूक नव्हते, कारण तोवर 'नेटिव्ह' चा अर्थ 'ताणलेलं नाही' एवढाच धरला जात होता. चिडलेल्यांचं म्हणणं, प्रत्येक पिक्सेल त्याच फ्रेममध्ये काढलेला पाहिजे. हा अर्थ त्या भांडणाआधी कोणी लिहून ठेवलेला मला तरी आठवत नाही, भांडणातच तयार झाला. आणि खेळण्याच्या दृष्टीने बघितलं तर ३० फ्रेमला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद टिकते आणि ६० ला साधारण १७, बटण दाबल्यावर हातात जो फरक जाणवतो तो हा. म्हणजे निर्णय माझ्या मते बरोबर होता, फक्त तो सांगितला नाही, आणि सांगितला नाही म्हणून कोर्टात गेला.

यानंतरचं मात्र हसू येण्यासारखं आहे. २०१६ च्या पीएस४ प्रो मध्ये जवळपास याच कल्पनेचं भावंड, चेकरबोर्ड रेंडरिंग (बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पिक्सेल काढून बाकीचे अंदाजाने भरणं), ४के म्हणून उजळ माथ्याने विकलं गेलं. पूर्ण ४के म्हणजे ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल, १०८०पी च्या बरोबर चौपट, ते प्रत्येक वेळी काढणं झेपणारंच नव्हतं. शिवाय ५५ इंची टीव्हीपासून सव्वादोन मीटरच्या पलीकडे बसलात तर नॉर्मल डोळ्याला १०८०पी चेही पिक्सेल सुटे दिसत नाहीत, पण हे पाकिटावर कोण छापणार. २०१८ पासून पीसीवर एआयने चित्र मोठं करणं आलं, २०२२ पासून तर अख्ख्या फ्रेमच मधे भरायला लागले, निम्मे पिक्सेल राहिले बाजूला. (त्याने चित्र सरसर दिसतं, पण बटणाचा उशीर कमी होत नाही, हे विसरू नका.)

मग कन्सोलवरच मेनूत विचारायला लागले, क्वालिटी मोड (जास्त पिक्सेल) हवा की परफॉर्मन्स मोड (जास्त फ्रेम), म्हणजे तो २००७ चा गुपचूप घेतलेला निर्णय आता खेळणाऱ्याच्या हातात दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो दाखवताना सांगितलं गेलं की साधारण तीन चतुर्थांश वेळा लोक परफॉर्मन्सच निवडतात. आणि हे सांगून लगेच जास्त किमतीचं मशीन दाखवलं, एआयने चित्र वाढवणारं, म्हणजे निवडायची गरजच पडू नये म्हणून. पिक्सेल मोजणाऱ्यांचे मात्र हाल आहेत, कारण या नव्या पद्धतीत कडा इतक्या घासूनपुसून येतात की मोजायला पायऱ्याच सापडत नाहीत.