उंच स्वार, आखूड बाईक आणि पायथागोरस

रविवारी सकाळी इंदूरहून महूमार्गे घाटमाथ्यावरच्या जाम गेटला गेलात, तर सहाफुटी पोरं स्पोर्ट बाईकवरून उतरताच आधी गुडघे चोळताना दिसतील. विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्पोर्ट बाईक आहे, दुखणारच. सवय होते." माझा भाचाही हेच म्हणायचा. पण सवयीने हाडांची लांबी बदलत नाही, आणि दुखण्याचं मूळ त्या लांबीतच आहे.

बाईकवर बसलेल्या माणसाच्या पायाचा एक त्रिकोण होतो. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी, आणि तिसरी बाजू म्हणजे खुबा ते घोटा हे सरळ अंतर. पहिल्या दोन बाजू जन्माने मिळतात. तिसरी सीट आणि फुटरेस्ट मिळून ठरवतात. भाच्याची मांडी भरली ४८ सेंमी, नडगी ४६. गुडघ्यात काटकोन हवा असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिसरी बाजू ६६.५ सेंमी लागते. बाईक देते ६२. म्हणून त्याचा गुडघा साडेब्याऐंशी अंशांपर्यंत दुमडतो. ४२ आणि ४० सेंमीचा पाय असलेल्या त्याच्या मित्राला काटकोनासाठी ५८ सेंमीच पुरतात. त्याच बाईकवर त्याचा गुडघा ९८ अंशांवर मोकळा राहतो!

गुडघा जितका दुमडेल तितका मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, आणि तो ताण गुडघ्याच्या वाटीला मांडीच्या हाडावर दाबून धरतो. चालताना हा दाब येतो-जातो. बाईकवर तासभर सुटतच नाही.

त्या तिसऱ्या बाजूत १ सेंमीची भर पडली की भाच्याचा कोन सुमारे १.६ अंशांनी उघडतो. म्हणून आधी सीट उंच करावी. मात्र सीटवाल्याने नरम फोम भरला तर वाढवलेली उंची बसल्याबरोबर दबून जाते. माप स्वार बसलेला असतानाच घ्यावं.

फुटरेस्ट खाली नेण्याच्या मी विरोधात आहे, निदान घाटात जाणाऱ्यांसाठी. वळणावरच्या झुकावाच्या कोनाचा टॅन्जन्ट (त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर) म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किमीने घेतलं तर बाईक ४० अंश झुकते. अशा वेळी २ सेंमी खाली आलेलं फुटरेस्ट दीड-दोन अंश आधीच रस्त्याला घासतं.

सीट उंचावली की हँडल तुलनेने खाली जातं, धड पुढे झुकतं आणि भार मनगटांवर येतो. ताशी १०० किमीला छातीवरचा वारा ५० किमीच्या चौपट जोर लावून धड तोलून धरतो. इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत तो आधार मिळत नाही. मनगटदुखीवर तांब्याची आणि चुंबकाची कडी सर्रास विकली जातात. त्यांनी मनगटावरचा भार एक ग्रॅमही हलत नाही. हँडल २-३ सेंमी वर आणि मागे घेतलं की हलतो.

हँडल उचलल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ते दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पाहा. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. ब्रेकचा पाईपही तेव्हाच बोटाने चाचपा. तो ताठ होत असेल तर लांब पाईप बसवल्याशिवाय बाईक रस्त्यावर काढू नका.