गोव्यातील विवाहनोंदणी आणि अर्धा वाटा

गोव्यात कायद्याने लग्न होते ते तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत, वहीवर सह्या पडल्यावर. मंडपातल्या अक्षता हा घराचा आणि धर्माचा सोहळा. नवराबायकोचे कायदेशीर हक्क त्या वहीतून येतात. कायद्याने विवाहाला खास स्थान द्यावे का, या वादात गोव्याकडे पाहावेच लागते, कारण इथे ते स्थान थेट घराच्या आणि जमिनीच्या मालकीत उतरले आहे.

याचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी नागरी विवाह व घटस्फोटाचे कायदे झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या कायद्याने जुनी व्यवस्था चालू राहिली.

लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता समाईक होते. लग्नाआधीची, लग्नानंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. प्रत्येकाचा वाटा निम्मा. बायको कमावते की घर सांभाळते, हा प्रश्नच येत नाही. वडिलोपार्जित घर विकताना याचा अर्थ नीट कळतो. खरेदीखतावर भावांच्या जोडीने भावजयांच्या सह्या लागतात, बहिणींच्या जोडीने मेहुण्यांच्याही. एक सही अडली की व्यवहार अडतो. नवऱ्याने परस्पर घर विकून बायकोला रस्त्यावर आणायचे, हे इथे सहजी जमत नाही, आणि विवाहाच्या खास दर्जाचे याहून भक्कम समर्थन माझ्या तरी पाहण्यात नाही. आयकरातही हे दिसते: पगार सोडून इतर उत्पन्न दोघांच्या नावे निम्मे-निम्मे धरले जाते.

सह्या मात्र दोनदा कराव्या लागतात. पहिली सही लग्नाच्या इराद्याची. त्यानंतर जाहीर नोटीस लागते, मुदत संपली की साक्षीदारांसह दुसरी सही, आणि तिथे लग्न पक्के. पहिल्या सहीनंतर थाटात लग्न लावून दुसरी राहूनच गेली, तर कायद्याच्या लेखी ते लग्न पुरे होत नाही. त्याची झळ बहुतेक वेळा बाईलाच बसते: वर्षानुवर्षे संसार करूनही निम्म्या वाट्याचा दाखला तिच्या हाती नसतो. पहिल्या सहीच्या दिवशीच कचेरीने हे दोघांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला हवे. चर्चमधल्या लग्नाची वाट थोडी वेगळी आहे. रजिस्ट्रारचा ना-हरकत दाखला घेऊन विधी होतो आणि चर्चची नोंद मग सरकारी वहीत उतरते.

समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून गोव्याचे नाव घेतले जाते, पण संहितेत उणिवाही आहेत. समाईक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याकडे दिला. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली काढलेल्या हुकुमात तर बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल किंवा तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली होती.