आजोबांची कवळी आणि छातीतला कफ

इंदूरला रामबागेत आमच्या काकूच्या घरी, आजोबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर स्टीलची एक वाटी झाकून ठेवलेली असते. आत पाणी आणि त्यात आजोबांची कवळी. ही वाटी तिथे आली ती दुसऱ्या न्यूमोनियानंतर. पक्षाघातानं आजोबा अंथरुणाला खिळले आणि एकाच हिवाळ्यात दोनदा छाती भरली. घरचे सगळे कानटोपी, शेक आणि बंद खिडक्यांच्या मागे. डॉक्टरांनी मात्र तोंडात टॉर्च मारली आणि विचारलं, "रात्री कवळी काढता ना?" काकू गप्प. कवळीखाली टाळूवर पांढरट साय धरली होती.

छातीच्या दुखण्यात दात कुठून आले? जेवताना घास भलत्या वाटेला गेला की ठसका लागतो, आई "वर बघ, वर बघ" म्हणत पाठीवर थाप मारते. ठसका लागतो म्हणजे श्वासनलिकेवरचा पहारा जागा आहे. झोपेत तो ढिला पडतो. धडधाकट माणसांना झोपवून तपासलं, तर जवळजवळ निम्म्यांच्या फुप्फुसांत घशातला द्रव थोडाथोडा उतरलेला सापडला. पक्षाघात झालेल्यांपैकी अनेकांना तर जागेपणीही लाळ खाली उतरते आणि पुष्कळदा ठसका लागतच नाही.

त्या थेंबात काय आहे, हे तोंडाच्या अवस्थेवर ठरतं. माणसांच्या तोंडात मिळून जिवाणूंच्या 700हून अधिक जाती आढळल्या आहेत. दात न घासता निजलं की सकाळी जिभेला जो बुळबुळीत थर लागतो, ती त्यांचीच वस्ती. त्यात झोपेत लाळही कमी सुटते. (आपण इंदूरकर रात्री खातो आणि सकाळी घासतो. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत बारापर्यंत गराडू (तळलेला कंद) आणि रबडी, घरी येऊन थेट आडवे.)

निरोगी फुप्फुस असले दोन-चार थेंब सहज निपटतं. पण फ्लूच्या विषाणूनं श्वासमार्गाचं अस्तर खरवडून काढलं असेल, तर जिवाणूंना रान मोकळं मिळतं. 1918च्या साथीत दगावलेल्यांचे जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने पुढे तपासले गेले. बहुतेकांचा जीव नुसत्या विषाणूनं नव्हे, तर मागाहून झालेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं गेला होता. हे जिवाणू कुणी परके नव्हते, एरवी नाका-घशात मुकाट राहणाऱ्यांतलेच होते.

कोविडमध्ये हा प्रश्न पुन्हा वर आला. कतारमध्ये 568 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट दिसली. सुजलेल्या हिरड्या दाहाची रसायनं सतत रक्तात सोडत असतात आणि गंभीर कोविडमध्ये तीच वाढलेली असतात, हे एक संभाव्य कारण. पण इथे वडाची साल पिंपळाला लागायला वेळ लागत नाही. मधुमेह्याच्या हिरड्याही खराब आणि त्याला कोविडही जड. संशोधकांनी वय, मधुमेह, धूम्रपान हिशेबात धरलं होतं, तरी अशा अभ्यासातून सोबत दिसते, कारण सिद्ध होत नाही.

मला जास्त पटतो तो जपानचा प्रयोग. 11 वृद्धाश्रम, दोन वर्षं. काही रहिवाशांचे दात सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर घासून दिले, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. न्यूमोनिया झाला तो पहिल्या गटात 11 टक्क्यांना, दुसऱ्यात 19 टक्क्यांना. मुख्य भर ब्रश आणि घासणाऱ्या हातावरच. जपानमध्येच सरासरी 88 वर्षांच्या 524 जणांची पाहणी झाली. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांनाही ब्रशचा फायदा दिसला आहे. उलट तिथे वर्षानुवर्षं वापरलं जाणारं क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी आता मार्गदर्शक सूचनांतून मागे पडलंय.

काकू आता आजोबांना टेकून बसवते, मऊ ब्रशनं उरलेले चार दात घासते, मग बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरड्या आणि जीभ पुसते. चूळ भरायला पाणी देत नाही, तेच घशात उतरायचं. कवळी साध्या पाण्यात घासायची, गरम पाण्यात ती वाकते. एवढ्याला दहा मिनिटं लागतात आणि आजोबा रोज कुरकुरतात. कवळी वाटीत गेली की तोंडाचं बोळकं होतं आणि कुणी पाहिलं तर त्यांना लाज वाटते. म्हणून रात्री आठनंतर काकू पाहुण्यांना त्या खोलीत जाऊ देत नाही.