बेटांवरील आमरींचे नैसर्गिक संकर

आमरी म्हणजे ऑर्किड. शेजारी वाढणाऱ्या दोन वेगळ्या जातींच्या आमरींचे पराग माणसाचा हात न लागता एकीकडून दुसरीकडे पोचले आणि त्या बीजातून दोघींचे गुण घेतलेले रोप उगवले, तर त्याला नैसर्गिक संकर म्हणतात. अशा रोपाच्या शास्त्रीय नावात प्रजाती आणि जाती यांच्या मध्ये गुणाकाराची खूण घालतात. सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ‘व्हँडा मिस जोआकिम’ हाही बेटावरचा संकरच. पण तो १८९३ मध्ये बागेतून पुढे आला, त्यामुळे या नोंदीत तो धरलेला नाही.

आमरींचा संकर कसा होतो हे समजून घ्यायला बेळगाव जिल्ह्यातले खानापूरचे रान पुरेसे आहे. जांबोटीवरून कणकुंबीकडे जाताना पावसाच्या तोंडावर जुन्या झाडांच्या फांद्यांवरून सीतेची वेणी ही आमरी लोंबताना दिसते. कन्नडमध्ये तिला ‘सीताळे दंडे’ म्हणतात. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात, आणि हे पाहून फार वाईट वाटते. बांडगूळ झाडाचा रस शोषते. ही मात्र सालीला नुसती धरून असते आणि मुळांवरच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थराने पावसाचे पाणी टिपते.

तिच्या एखाद्याच फुलात गवताची बारीक काडी अगदी हलक्या हाताने घालून बाहेर काढावी. काडीच्या टोकाला दोन पिवळे, मेणासारखे गोळे इवल्याशा दांडीसकट चिकटून येतात. हे परागपुंज. इतर फुलांचे पराग पिठासारखे उधळतात. आमरी आपले सगळे पराग असे गाठोडे बांधून एकाच पाहुण्या कीटकाच्या अंगावर ठेवते. तो पाहुणा भलत्याच जातीच्या फुलावर गेला की संकराची शक्यता सुरू होते.

तरीही शेजारशेजारी फुलणाऱ्या जाती बहुधा आपापल्या राहतात. कुणाचा फुलण्याचा महिना वेगळा, कुणाचा वास रात्रीचा. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा या आमरीची मधाची नळी इतकी लांब असते, की तळाशी लांब सोंडेच्या पतंगाखेरीज कुणी पोचत नाही. कॉटोनिया या आमरीचे फूल तर मधमाशी बसल्यासारखेच दिसते. बी धरण्याच्या बाबतीत मात्र आमरी इतक्या काटेकोर नसतात. सीतेची वेणी ज्या प्रजातीतली, ती रिंकोस्टायलिस आणि गुलाबी ठिपक्यांच्या फुलांची एरिडिस यांचा संकर रोपवाटिकेत हाताने करता येतो. त्याला ‘रिंकोरिडिस’ असे नावही आहे. अडसर असतो तो बहुधा फुलाच्या उंबऱ्यावरच.

लहान बेटावर हा उंबरा झिजतो. आमरीचे बी धुळीसारखे असते, वाऱ्यावर समुद्र ओलांडू शकते. क्राकाटोआ बेट १८८३ च्या उद्रेकात होरपळून गेले, तरी दोन दशकांच्या आत तिथे आमरी उगवल्या होत्या. पण बियांत अन्नसाठा नसतो. योग्य कवक, म्हणजे बुरशी, भेटले तरच ते रुजते. ते रुजले तरी आपला नेहमीचा कीटक बेटावर असेलच असे नाही. हवाई बेटसमूह एवढा हिरवागार, पण तिथल्या मूळच्या आमरी फक्त तीन जातींच्या आहेत. जिथे रोपे थोडी आणि कीटकही थोडे, तिथे असलेले कीटक मिळेल त्या फुलावर बसतात. स्वजातीचे फूल जवळ नसेल तर परके पराग पोचण्याची शक्यता वाढते.

याचे सर्वांत जुने आणि भक्कम उदाहरण फिलिपीन्स बेटांवरचे आहे. तिथून आलेल्या फॅलेनॉप्सिस प्रजातीतल्या एका आमरीचे वर्णन इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८५३ मध्ये केले आणि हा दोन जातींचा संकर असावा, असा तर्क मांडला. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सेडन यांनी त्याच दोन जातींचा संकर हाताने करून तसेच फूल मिळवले. नुसत्या रूपावरून केलेला तर्क प्रयोगाने खरा ठरला. आज हे काम जनुकांच्या तपासणीने होते.

जपानच्या इझू बेटांपैकी कोझू हे एक लहानसे बेट. तिथे कॅलँथी प्रजातीतल्या दोन जाती एकत्र येतात. त्यांपैकी एक तीव्र सुगंधी असून इझू बेटांबाहेर ती सापडत नाही. त्यांच्या संकराला बेटाच्याच नावावरून ‘कोओझू’ म्हणतात. एकाच उतारावर कुठे तपकिरी, कुठे गुलाबी, कुठे पांढरट अशी फुले दिसतात. संकरित रोपे पुन्हा मूळ जातींशी मिसळतात, म्हणून ही रंगांची सरमिसळ होते. देखणेपणामुळे ही रोपे जंगलातून बेसुमार उपटली गेली. १८५६ मध्ये फुललेला आमरींचा पहिला कृत्रिम संकरही कॅलँथीचाच होता. त्याच्या जनकांपैकी कॅलँथी मसुका ही जात सह्याद्रीच्या दक्षिण भागातही वाढते.

संकराचे पुढे काय होते, हे सर्वत्र सारखे नसते. बरेच संकर वांझ निघतात आणि एका पिढीत संपतात. काही मूळ जातीत मिसळत राहतात. ती जात आधीच दुर्मिळ असेल, तर अशा मिसळण्यात ती हरवूही शकते. क्वचित गुणसूत्रे दुप्पट होऊन नवीच जात उभी राहते. डॅक्टिलोऱ्हायझा प्रजातीतल्या ४० गुणसूत्रांच्या दोन जातींपासून ८० गुणसूत्रांच्या आमरी अशाच झाल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेला नॉर्थ युइस्ट बेटावरच्या किनारी गवताळ जमिनीत त्यांपैकी एक वाढते. ती स्वतंत्र जात मानावी की उपप्रकार, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

बेट म्हणजे पाण्याने वेढलेलीच जमीन असावी असे नाही. खानापूरच्याच रानात चोर्ल्याच्या बाजूची कातळी पठारे भोवतीच्या दाट रानात बेटांसारखीच अलग आहेत. पहिल्या पावसानंतर तिथे हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस जमिनीलगत फुलते. मग गवत वाढते आणि त्यातून हॅबेनारिया हेनियानाचे एकाच बाजूला फुले असलेले तुरे वर येतात. दातांच्या ब्रशसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘टूथब्रश ऑर्किड’ म्हणतात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, त्यामुळे खानापूरच्या रानाच्या एका भागाला संरक्षण मिळाले. गावालगतची पठारे आणि रस्त्याकडेची जुनी झाडे मात्र बरीचशी त्याबाहेर आहेत.

अशा ठिकाणी दोन जातींच्या मधले वाटणारे फूल दिसले, तर रोप उपटू नये. फुलाचे समोरून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे, नळीची लांबी पट्टीने मोजावी, पाने पाहावीत आणि आसपास कोणकोणत्या जाती त्याच वेळी फुलल्या आहेत ते तारखेसह लिहून ठेवावे. रोप घरी आणून कुंडीत लावले, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी कोण होते, हे मागाहून कुणालाही सांगता येत नाही.