‘पुट ऑफ’ म्हणजे रद्द नव्हे
मालवणातल्या होडी, होमस्टे आणि खानावळवाल्यांसाठी, आमच्या इंग्रजी क्लासकडून

वारा वाढला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी थांबते. आपण आपापसांत सहज म्हणतो, “वारो वाढलो हा, आज होडी सोडूक नको, उद्या बघूया.” हेच पाहुण्याला इंग्रजीत कळवताना घोटाळा होतो. आमच्या एका विद्यार्थ्याने पाहुण्यांना मेसेज टाकला, ‘ट्रिप कॉल्ड ऑफ’. त्याला म्हणायचं होतं, उद्या नेतो. पाहुण्यांनी वाचलं, रद्द! आगाऊ दिलेले पैसे परत मागितले आणि दुपारी गोव्याला निघूनही गेले.

‘कॉल ऑफ’ म्हणजे बेतच मोडला. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलला. लिहायला हवं होतं: ‘द ट्रिप हॅज बीन पुट ऑफ टिल टुमॉरो.’ त्यातलं ‘टिल टुमॉरो’ गाळू नका. पुढे म्हणजे कधी, ते कळलं नाही तर पाहुणा बॅग भरायला लागतोच.

आता शब्दांची जागा. ‘पुट ऑफ द ट्रिप’ चालतं, ‘पुट द ट्रिप ऑफ’ही चालतं. पण ट्रिपऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसवायचं: ‘वुई पुट इट ऑफ.’ भूतकाळातही ‘पुट’च, ‘पुटेड’ विसरा. पुढे दुसरं क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ जोडा: ‘डोन्ट पुट ऑफ बुकिंग युअर सीट.’ तिथे ‘टू बुक’ नको.

‘पोस्टपोन’ म्हटलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल, फक्त जरा कचेरीतलं वाटतं. ‘प्रीपोन’ मात्र आपल्या देशात खपतं. परदेशी पाहुण्याला बहुधा कळणार नाही. फेरी अलीकडे घ्यायची असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा.

याच ‘पुट ऑफ’चा आणखी एक अर्थ खानावळवाल्यांच्या कामाचा. वाळत घातलेल्या बांगड्यांजवळून आलेला पाहुणा म्हणाला, ‘द स्मेल पुट मी ऑफ’, तर तो जेवण पुढे ढकलत नाहीये. वासाने त्याची इच्छाच उडाली आहे. वाद न घालता त्याला दुसऱ्या बाजूच्या टेबलावर बसवा आणि आधी सोलकढी द्या.

पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा मात्र यातलं काहीच वापरू नका. पाटीवर सरळ लिहा: ‘क्लोज्ड फॉर द मान्सून’.