हस्तोपचार, पाठदुखीवरील

पाठीचे स्नायू, अस्थिबंध व मणक्यांमधील सांधे हातांनी हाताळून वेदना आणि ताठरपणा कमी करण्याच्या उपचारपद्धती. प्रस्तुत नोंदीत केवळ यांत्रिक पाठदुखीचा विचार केला आहे. म्हणजे जी हालचाल, बसण्याची ढब किंवा उचललेला भार यांनुसार कमीजास्त होते आणि जिच्या मुळाशी अस्थिभंग, जंतुसंसर्ग, कर्करोग अथवा दाहजन्य संधिविकार नसतो, अशा पाठदुखीचा.

या पद्धतींतील क्रिया स्थूलमानाने तीन आहेत. मर्दनात स्नायू व त्यांवरील आवरणे दाबली, चोळली वा ताणली जातात. संचालनात (मोबिलायझेशन) सांध्याला लयबद्ध, संथ हेलकावे दिले जातात व रुग्णाला ते केव्हाही थांबवता येतात. झटक्यात (मॅनिप्युलेशन) सांधा ताणाच्या टोकाशी नेऊन अतिशय वेगाने, पण अगदी थोड्या अंतराचा रेटा दिला जातो. तो रुग्णाला रोखता येत नाही. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी संचालनाच्या केलेल्या चार श्रेणी फिजिओथेरपीत सर्वत्र रूढ आहेत.

अस्थी बसवणाऱ्या हाडवैद्यांची परंपरा बहुतेक समाजांत जुनी आहे. तिला सैद्धांतिक रूप आले ते मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी (हाडे, सांधे व स्नायू हाताळून रोग बरे करण्याची पद्धती) जाहीर केली व १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. कायरोप्रॅक्टिकचा (मुख्यतः मणक्यांना झटके देऊन उपचार करण्याच्या पद्धतीचा) आरंभ डॅनिएल डेव्हिड पामर यांनी आयोवातील डॅव्हनपोर्ट येथे हार्वे लिलार्ड यांच्यावर केलेल्या उपचारापासून मानतात. त्याची परंपरागत तारीख १८ सप्टेंबर १८९५ असली, तरी लिलार्ड यांच्या नावे छापलेल्या निवेदनावरून काही अभ्यासक ती घटना १८९६ च्या आरंभी नेतात आणि तो पुरावा अधिक निकटचा वाटतो. पामर यांनी स्टिल यांच्याकडूनच विद्या उचलली, हा ऑस्टिओपॅथांचा आरोप पुढे दीर्घकाळ चालला. लिलार्ड यांची तक्रार पाठदुखीची नव्हे, बहिरेपणाची होती, हे येथे नमूद करणे अस्थानी ठरू नये. दोन्ही संप्रदाय मुळात सर्व रोगांसाठी निघाले; त्यांतील हस्तोपचार नंतर बव्हंशी पाठ व सांध्यांपुरते आक्रसले.

झटक्याच्या वेळी होणाऱ्या ‘कट्’ आवाजाविषयी मतभेद आहेत. तो मणका ‘जागेवर बसल्याचा’ आवाज आहे, या लोकसमजुतीला आधार नाही. रॉस्टन व हेन्स यांनी १९४७ मध्ये बोटांच्या सांध्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून, सांध्यातील द्रवात पोकळी निर्माण होताना तो येतो, असे मांडले. १९७१ मध्ये अन्सवर्थ व सहकाऱ्यांनी उलट, वायूचा बुडबुडा कोसळताना तो येतो, असे प्रतिपादन केले आणि हेच मत चार दशके पाठ्यपुस्तकांत राहिले. २०१५ मध्ये ग्रेगरी कावचक यांच्या गटाने चुंबकीय चित्रणात (एमआरआय) आवाजाबरोबर पोकळी तयार होऊन टिकून राहत असल्याचे पाहिले. २०१८ मधील एका गणिती प्रतिमानाने आंशिक कोसळण्याची शक्यता पुन्हा पुढे आणली. प्रत्यक्ष चित्रणाचा पुरावा निर्मितीपक्षाकडे झुकतो. एकदा वाजलेला सांधा सुमारे वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे.

परिणामांच्या तुलनेत संप्रदायांमधील अंतर त्यांच्या सिद्धांतांतील अंतराहून बरेच कमी भरते. १९९८ मध्ये चर्किन व सहकाऱ्यांनी ३२१ रुग्णांत कायरोप्रॅक्टिक, न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची व्यायामप्रधान पद्धत आणि केवळ माहितीपुस्तिका यांची तुलना केली. पहिल्या दोहोंत फरक आढळला नाही व पुस्तिकेपेक्षा त्या किंचितच सरस ठरल्या. ब्रिटनमधील १,३३४ रुग्णांच्या चाचणीत (२००४) नेहमीच्या उपचाराला झटक्यांची जोड दिल्याने अल्प ते मध्यम लाभ दिसला. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांच्या २०१९ मधील आढाव्यानुसार झटके व संचालन यांचा परिणाम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच आहे. त्याआधी २०१६ मध्ये, उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, असे सुचवले. मर्दनाचा लाभ प्रामुख्याने अल्पकालीन आहे.

उपचारानंतर एकदोन दिवस अंग दुखणे नेहमीचे असते. कमरेवरील झटक्याने मज्जापुच्छावर (पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातील चेतातंतूंच्या जुडग्यावर) दाब येणे अत्यंत विरळ आहे. तथापि मूत्रावरोध, जांघेत बधिरता, पायातील बळ जाणे, तसेच अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) असल्यास झटका वर्ज्य समजतात.

महाराष्ट्रात तालमीतील मालीश, आयुर्वेदातील अभ्यंग व हाडवैद्यांचे उपचार प्रचलित आहेत. उसण भरल्यास पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, व्यक्तीकडून पाठीला पाय लावून घेण्याची प्रथाही आढळते. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते, हे या प्रथेच्या लौकिकाचे एक कारण असावे.