अर्ज फेटाळला, पण दारात की आत?

समजा, कॅलिफोर्नियातल्या एका दरोड्यात एकाने फक्त गाडी चालवली आणि गोळी साथीदाराने झाडली. तरी आरोप दोघांवर खुनाचाच. सिद्ध झाला असता तर २५ वर्षं ते जन्मठेप. म्हणून गाडीवाल्याने सरकारी वकिलाशी सौदा करून मनुष्यवध कबूल केला आणि ११ वर्षं पत्करली. (आपल्याकडे सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात असा सौदा चालतच नाही.)

१ जानेवारी २०१९ पासून तिथला कायदा बदलला. दरोड्यात नुसतं सामील असणं आता खुनासाठी पुरत नाही. ज्याने स्वतः जीव घेतला नाही, त्याच्या मनात जीव घ्यायचा इरादा तरी दिसायला हवा, नाहीतर गुन्ह्यात मोठा वाटा आणि माणसाच्या जिवाबद्दल पराकोटीची बेफिकिरी. खुनाचा आरोप सिद्ध होईल या भीतीने मनुष्यवध कबूल केलेल्यांना मात्र २०२२ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. आता तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११७२.६ खाली ते शिक्षेच्या फेरविचाराचा अर्ज करू शकतात.

अर्ज फेटाळला की ६० दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची. इथवर सगळ्यांचं सारखंच. पण नकार कुठे मिळाला, यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिला नकार दारातला. न्यायाधीश जुनी कागदपत्रं पाहून म्हणतात, हा माणूस प्रथमदर्शनीच पात्र नाही. या टप्प्यावर त्यांना पुरावा तोलायची मुभा नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या लुईस निकालाने ते स्पष्ट केलं. त्यामुळे अपील न्यायालय खालच्या न्यायाधीशांच्या मताला बांधलेलं नसतं, तोच प्रश्न नव्याने तपासतं. इथे जिंकलात तर शिक्षा लगेच कमी होत नाही, प्रकरण पुढच्या टप्प्यासाठी परत जातं.

कबुलीच्या प्रकरणात खटला झालेलाच नसतो. मग कागदपत्रं म्हणजे मुख्यतः आरोप निश्चितीआधीच्या प्राथमिक सुनावणीची नोंद. "मी पात्र आहे" एवढं मोघम लिहून भागेल, ही समजूत २०२५ च्या पॅटन निकालाने मोडीत काढली: त्या नोंदीतल्या ठोस, न खोडलेल्या तथ्यांवरूनही दार बंद होऊ शकतं. माझ्या मते अर्जातच आपली हकिकत तपशिलाने मांडणं आता भागच आहे.

दुसरा नकार आतला. पूर्ण सुनावणी होते, दोन्ही बाजू नवा पुरावाही आणू शकतात, आणि आजच्या कायद्याप्रमाणे हा माणूस खुनी ठरतो हे सरकारी पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. ज्युरी नसते, न्यायाधीशच ठरवतात. त्यांनी एकदा साक्षीदारावर विश्वास ठेवला की अपील न्यायालय तो पुन्हा तोलत नाही. निष्कर्षाला पुरेसा आधार आहे का, एवढंच पाहतं. त्यामुळे "न्यायाधीशांचं चुकलं" असं नुसतं म्हणून हे अपील जिंकता येत नाही. चुकीचा कायदा लावला किंवा जो पुरावा घ्यायलाच नको होता तो घेतला, असं काही दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

दोन्ही अपिलांत एक धोका मात्र सारखाच. नेमलेल्या वकिलाला मांडण्याजोगा मुद्दा सापडला नाही, तर मूळ शिक्षेवरच्या पहिल्या अपिलात न्यायालय सगळी नोंद स्वतः चाळतं. इथे तसं करण्याचं बंधन नाही, हे २०२२ च्या डेल्गाडिल्लो निकालाने सांगितलं. कैद्याला पत्र जातं: ३० दिवसांत स्वतःचं म्हणणं लिहून पाठवा. त्याने पाठवलं तर त्या मुद्द्यांचा विचार न्यायालयाला करावाच लागतो. गप्प राहिला तर अपील सोडून दिलं असं समजून ते निकालात काढता येतं.